स्क्रूभाऊंनी ताजीन लावलं

लिफ्ट दुरुस्त करण्यात स्क्रूभाऊंची हयात गेली. हे नाव त्यांना बरोबरच्या कामगारांनी दिलेलं. कुठलीही लिफ्ट बंद पडली की भाऊ अवजारांची पेटी खाली ठेवतानाच म्हणायचे, "काही नाही, एखादा स्क्रू सैल झाला असेल." बहुतेक वेळा तसं नसायचंच. मग ते शांतपणे एकेक भाग तपासत बसायचे आणि बिघाड हाती लागेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. स्वयंपाकात मात्र त्यांची मजल चहाच्या पुढे गेली नव्हती. लग्न केलंच नाही, आणि थोरली बहीण, नवरा गेल्यावर, त्यांच्याकडे राहायला आली ती ओट्याचा असा ताबा घेऊन, की भाऊंना तिथे पाय ठेवायची सोय उरली नाही.

त्या ताईंचा उजवा हात मोडला. वाळलेले कपडे काढताना स्टुलावरून पडल्या. कोपराच्या वरपासून बोटांपर्यंत प्लास्टर. घरी येताना रिक्षातच त्यांनी विचारलं, "आता खायचं काय?"

"बघू," भाऊ म्हणाले.

मग उकडलेली अंडी, पाव आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतलं पार्सल यांच्यावर दिवस ढकलणं सुरू झालं. ताई पार्सल चाखायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं" ऐकून भाऊ दुसऱ्या दिवशी वेगळी भाजी आणायचे.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याच इमारतीतल्या लिफ्टची घंटा वाजत राहिली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाई मधेच अडकल्या होत्या. या बाई मूळच्या मोरोक्कोच्या. लोकांचे कपडे शिवता शिवता इथली भाषा अशी काही बोलायला शिकल्या होत्या, की भाव करणारं गिऱ्हाईकच शेवटी गप्प बसायचं.

भाऊंनी दाराच्या फटीतून आवाज दिला. "घाबरू नका हं."

"घाबरतंय कोण? जेवण गार होतंय," आतून उत्तर आलं.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात फडक्यात बांधलेलं मातीचं पसरट भांडं होतं आणि त्यावर टोपीसारखं उंच, निमुळतं झाकण. शिवणकामाच्या दुकानातल्या मैत्रिणींसाठी त्या ते नेत होत्या. पण सोडवणाऱ्याला उपाशी पाठवतील तर त्या शिंपीणबाई कसल्या. तिथेच जिन्यात बसून त्यांनी झाकण उचललं. आत कोंबडी, हिरवे ऑलिव्ह आणि मिठात मुरवलेल्या लिंबाची साल. भाऊंनी पावाच्या तुकड्यानं घास घेतला आणि लगेच दुसरा तुकडा मोडला.

"याला काय म्हणायचं?"

"ताजीन. भांड्यालाही ताजीन आणि आत शिजतं त्यालाही ताजीन."

"घरी जमेल का हो मला?"

"गॅस बारीक ठेवायचा आणि झाकण उघडायचं नाही. अर्धं काम तेवढंच."

एकदा चालू करून दिलं की मधे हात लावायचा नाही, ही गोष्ट भाऊंना मनापासून पटली. बाईंनी आपलं जुनं ताजीन आणि थोडी मुरलेली लिंबं दिली. भाऊंनी बाकीचं सामान आणलं, कामावरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी स्वयंपाकघराच्या दाराला अडकवली आणि कांदा किसायला घेतला.

"पाटी लावली म्हणजे स्वयंपाक येतो का रे?" ताई बाहेरून म्हणाल्या.

कांदा, लसूण, आलं, हळद, कोथिंबीर, वर कोंबडीचे तुकडे, ऑलिव्ह आणि लिंबाची साल. सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे. झाकण ठेवून, अगदी मंद गॅसवर ताजीन लावलं. वास दरवळायला लागल्यावर भाऊ ऐटीत पाव आणायला खाली गेले.

पहिला घास तोंडात गेला आणि दोघांनी एकदमच पाण्याचा पेला उचलला. नुसतं खारट. कोंबडी मऊ, रस दाट, पण जिभेवर ठेववेना.

भाऊ हिरमुसले नाहीत. बिघाड म्हटल्यावर त्यांच्या अंगात वेगळंच बळ यायचं. त्यांनी एक ऑलिव्ह चावून पाहिलं. लिंबाची साल चाखली. मग थेट वर जाऊन शिंपीणबाईंना गाठलं.

"लिंबू धुतलं होतंत?"

"धुतलं. आतला गरही काढून टाकला."

"वरून मीठ?"

"चिमूटभर."

"मग तुमच्या घरात कुणीतरी आहे," बाई हसत म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीला भाऊंनी पुन्हा ताजीन लावलं. "पाव आणतो," असं मोठ्यानं म्हणाले, चपला वाजवल्या आणि दारामागेच थांबले. थोड्या वेळानं ताई पाटीखालून आत शिरल्या. डाव्या हातात फडकं धरून कसंबसं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि तोच हात मिठाच्या बरणीत घातला.

"ताई."

ताई दचकल्या, पण बरणी सोडली नाही. "तू कधी नीट मीठ घातलंयस का कशात? अळणी होईल म्हणून टाकलं त्या दिवशी."

"केवढं?"

"डाव्या हाताचं माप मला काय माहीत रे? या हातानं कधी टाकलंय मी?" आणि मग आवाज उतरला. "दिवसभर खुर्चीत बसून असते. सगळं तूच करतोस. मला वाटलं, निदान मीठ तरी."

भाऊंनी बरणी घेतली नाही. झाकण परत ठेवलं, खुर्ची ओढून शेगडीजवळ लावली आणि म्हणाले, "बस इथे. शेवटी चाखून मीठ तू सांगायचं. गॅसवरही लक्ष तुझं. माझं तर त्या पाव आणण्यातच ध्यान असतं."

त्या दिवशीचं ताजीन असं झालं की भांड्याला लागलेला रसही दोघांनी पावानं पुसून खाल्ला. ताई "हं" म्हणाल्या नाहीत. "वाढ अजून," म्हणाल्या. भाऊंचा जीव भांड्यात पडला.

प्लास्टर निघेपर्यंत ताईंनी सुक्या आलुबुखाराचं गोडसर मटणही खाल्लं, आधी नाक मुरडून आणि मग मागून. हात बरा झाल्यावर ओटा पुन्हा आपल्याकडे येणार, हे त्यांनी बजावून ठेवलं होतं. भाऊही जरा खट्टूच झाले होते.

एकदा कामावरून येऊन बघतात तर घराला कुलूप. वरून हसण्याचा आवाज येत होता म्हणून ते शिंपीणबाईंकडे गेले. दोघी जणी परातीत पावाचं पीठ मळत बसलेल्या, ताईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात, आणि ताजीनमध्ये दालचिनी किती घालायची यावरून जोरदार वाद चाललेला.

ताईंनी वर पाहिलं. "आलास? हात धू आणि कांदा किसायला घे. तुझ्यासारखा बारीक आम्हाला जमत नाही."