देव्हाऱ्यातली बाटली

एचआयव्ही म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. माझ्या आईला कशासाठीच आवाज खाली आणता येत नाही. पाचूबंदरला मासळीच्या लिलावात ओरडण्यात तिचं आयुष्य गेलं. म्हणून तिने या आजाराचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. पाहुणा मला नवऱ्याकडून मिळाला. नवरा गेला, पाहुणा राहिला.

मी वसईत शाळेत शिकवते, एकटी राहते आणि शनिवारी आईकडे जेवायला जाते. आई माझ्या पर्समधली गोळ्यांची बाटली काढून ताटाशेजारी ठेवते आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नाही.

मध्यंतरी मुंबईच्या प्रयोगशाळेतून डॉक्टरबाईंचा फोन आला. गोळ्या सुरू होण्याआधी मी संशोधनासाठी दिलेलं रक्त त्यांनी जपून ठेवलं होतं. रोगाशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं. माझ्या रक्तातली प्रतिपिंडं या विषाणूच्या एकदोन नव्हे, कितीतरी प्रकारांना निकामी करत होती. असं रक्त फार थोड्यांचं असतं. त्यावरून औषध करायचं तर ही प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी शोधायला हव्यात, आणि त्यासाठी आणखी रक्त हवं, पुन्हा पुन्हा. मी लगेच हो म्हटलं.

हरखून आईला सांगितलं. तिने नेहमीसारखं अर्धंच ऐकलं.

पुढच्या शनिवारी ताटाशेजारी बाटली नव्हती. ती देव्हाऱ्यात होती, हळदकुंकू लावलेली. शेजारी हिरवी साडी आणि नारळ. मी बरी झाले तर गावदेवीची ओटी भरीन आणि गल्लीला जेवण घालीन, असा आईचा जुना नवस होता.

“तुझ्या रक्तानं पाहुन्याला मारला ना? मंग कशाला त्या गोल्या? देवीला देऊन टाकल्या.”

माझं डोकंच फिरलं. गोळ्या सोडल्या तर पाहुणा घराचा मालक होईल, आणि जेवण कशाचं म्हणून ही गल्लीला काय सांगणार? मी तिला हाताला धरून समोर बसवलं.

“आये, मोठा मासा हातातून निसटू नये म्हणून कुठे धरतेस?”

“कल्ल्यात.”

“कल्ल्यातच का?”

“रंग, खवलं येगली असतील. पन कल्ल्याबिगर मासा जगंल कसा?”

“तसंच. हा विषाणू सारखं रूप बदलतो, पण काही जागा त्याला सहजी बदलता येत नाहीत. माझं रक्त तिथेच धरतं.”

“मंग मेला की तो!”

“दुसऱ्यांच्या अंगातले मरतील. माझ्यातला कधीच निसटला. त्याच्यामागे वर्षानुवर्षं धावूनच माझं रक्त हे शिकलं, पण तो एक पाऊल पुढेच राहिला. मला गोळ्याच घ्याव्या लागणार.”

आईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. तेवढ्यानेच मला रडू आलं.

“जगाचा मासा तुझ्या हातात, नि घरचाच सुटला?” ती म्हणाली. “मंग रक्त कशाला देतेस?”

“माझ्यात आहे म्हणून. मला पाहुणा आला तेव्हा असं औषध नव्हतं. पुढच्या पोरीला तरी मिळू दे. मी देणार.” हे मी ओरडूनच म्हटलं. शेवटी मुलगी तिचीच.

तिने बाटलीचं कुंकू पदराने पुसलं आणि ती ताटाशेजारी आणून ठेवली. मग साडीची घडी घालून ट्रंकेत ठेवली.

“नवस मोडायचा नाय. तुझ्या रक्ताच्या औषधानं जी पैली पोर वाचंल, तिच्या नावानं ओटी भरायची. मी नसले तर तू भर.”

“त्याला वर्षं लागतील, आये. तोवर मला जगायला हवं.”

“मंग बघतेस काय? गिल ती गोली!”

मी तांब्या तोंडाला लावला. गोळी उतरेपर्यंत ती समोरून हलली नाही.