शीटच्या कडेची फुली

आमच्या ऑफिसात किस्से कुणी गोळा करत नाही. ते चहाच्या कपांसारखे टेबलावर साचत जातात, आणि उचलायची पाळी कुणाची यावर कधीच एकमत होत नाही. तेव्हा या वेळी मीच उचलते.

ऑफिस कुरखेड्यात, दोन खोल्यांचं. काम एकच. गावोगावच्या मोतीबिंदूच्या पेशंटची यादी करायची आणि महिन्यातून एका गुरुवारी त्यांना गाडीत बसवून ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मेश्राम सर आमचे साहेब. शकीलभाऊ गाडी चालवतात. कुमरेबाई टॉर्च घेऊन गावं फिरतात आणि डोळे तपासतात. आणि मी अश्विनी, मूल गावची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरवर यादी सांभाळणारी.

मला दचकायची सवय आहे. प्रिंटर सुरू झाला तरी मी खुर्चीतून अर्धी उठते. त्यामुळे शकीलभाऊ आत यायच्या आधी दारातच खोकतात आणि म्हणतात, "मॅडम, मी येऊन राह्यलो. घाबरू नका."

*

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी अख्खा तालुका पुसून टाकला.

यादीची शीट माझ्या आधीच्या ताईंनी बनवलेली. त्या स्वतःही गावं फिरायच्या, स्वतःच नावं भरायच्या. आता त्या नागपूरला असतात. शीटच्या डाव्या कोपऱ्यात एक, दोन, तीन असे बारीक आकडे होते. मी सहज एकवर क्लिक केलं. गावं गेली. पेशंट गेले. पडद्यावर एकच ओळ उरली, 'एकूण'.

मी माऊस सोडला आणि दोन्ही हात वर केले. का केले, ते आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात शकीलभाऊ आले. तेव्हा त्यांना खोकायची सवय लागायची होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मॅडम, कोणाले शरण जाऊन राह्यल्या?"

सर आतल्या खोलीतून आले, शांतपणे दोनवर क्लिक केलं आणि तालुका परत आला. "काही पुसलं नाही. ग्रुप केलेलं आहे ते," सर म्हणाले. "मिटतं आणि उघडतं. एक दाबलं की नुसती बेरीज. दोन दाबलं की गावं आणि त्यांचे टोले, म्हणजे वस्त्या. ओळीच्या कडेला बारीक अधिकची खूण दिसली, तर समजायचं की आत काहीतरी मिटलेलं आहे."

"आणि तीन?"

"आपलं काम दोनवर भागते," सर म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

*

ही मिटायची-उघडायची गोष्ट मी मोठ्या कौतुकाने कुमरेबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा मिटवून पाहिलं, दोनदा उघडून पाहिलं.

"हे तं मी वीस वर्षापासून करून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं.

लांबलचक रजिस्टर. प्रत्येक पानाला उभ्या घड्या. नाव आणि गाव तेवढं वर, बाकीचे रकाने आत दुमडलेले. "सरपंच आला की एवढंच दाखवाचं. डॉक्टर आला की ही घडी उघडाची. अन् बाईचं वय शेजारणीनं इचारलं, तं ही मिटाची."

मला लगेच काळजी लागली. "बाई, पण घडीत एखादं नाव राहून गेलं तर? लक्षातच आलं नाही तर?"

"घडी फुगते ना पोरी," कुमरेबाई म्हणाल्या. "बोटाले लागते."

मी पडद्यावरच्या त्या बारीक खुणेवरून बोट फिरवून पाहिलं. बोटाला काहीच लागलं नाही.

*

डिसेंबरच्या गुरुवारी यादी मी छापली. गाडी भरून गेली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी कुमरेबाई आल्या आणि पदराने घाम पुसत माझ्यासमोर बसल्या. डिसेंबरात घाम. म्हणजे रागाचा.

"सोनाबाई काल दिवसभर नाल्यावर बसून होती. डबा बांधून."

पिंपळखेड्याच्या पलीकडे एक नाला आहे, आणि नाल्याच्या पलीकडे बोडीटोला, मोजकीच घरं. नाल्यावर रपटा, म्हणजे एक बुटका पूल आहे, पण त्यावरून मोटारसायकल जेमतेम जाते. शकीलभाऊ तिकडे कधी गेलेले नव्हते, पण गाडीने अलीकडे थांबायचं आणि टोल्यातल्या लोकांनी चालत यायचं, असं ठरलेलं. सोनाबाईंचे दोन्ही डोळे गेलेले. गाडीची वाट पाहत त्या तिथे बसल्या होत्या आणि गाडी नाल्याकडे फिरकलीच नव्हती. छापताना पिंपळखेड्याचा ग्रुप मिटलेला होता, आणि जे मिटलेलं असतं ते छापून येत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"तिचं म्हणणं एकच हाये," कुमरेबाई म्हणाल्या. "मोह पडाच्या आधी एक तरी डोळा पाह्यजे. मागच्या साली चाचपून मोहफुलं येचली, तं टोपलीत अर्धा पालाच निंघाला. सुना हासल्या."

मोह मार्चमध्ये पडायला लागतो. म्हणजे हाताशी दोन गुरुवार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चच्या पानाला पेन्सिलने एक रेघ मारली. मी घाबरते हे खरं, पण एकदा ठरवलं की सोडत नाही. आमच्या घरी याला अडेलपणा म्हणतात.

*

जानेवारीत मी कागदावर भरवसाच ठेवला नाही. शीट शकीलभाऊंच्या मोबाईलमध्ये टाकली आणि त्यांना अर्धा तास शिकवलं. "ओळीच्या कडेला अधिकची खूण दिसली की दाबायची. आतले टोले दिसतील. एकही सोडायचा नाही."

"टेन्शन नका घेऊ मॅडम. सब दाबतो."

त्यांनी खरंच समोर दिसल्या तेवढ्या सगळ्या खुणा दाबल्या. पण ही शीट एक खोडी करते. पिंपळखेड्याचे टोले मिटवले, तर ती खूण पिंपळखेड्यासमोर येत नाही. ती खालच्या ओळीसमोर येते. खालची ओळ होती वडेगाव. शकीलभाऊंनी वडेगावसमोरची खूण दाबली, बोडीटोला बाहेर आला, आणि ते सरळ वडेगावला गेले.

तिथे ते पारावर बसलेल्या प्रत्येकाला बोडीटोला विचारत होते. शेवटी एक म्हातारबाबा चिडले. "आमच्या गावाले टोला असता, तं आमाले माहीत नसता का?"

"मोबाईलमध्ये हाये ना बाबा," शकीलभाऊ म्हणाले.

"मंग मोबाईलमधीच जा."

तोवर दुपार झाली. दवाखान्याची वेळ गाठायची होती. निघताना वडेगावचे दोघं आपणहून गाडीत येऊन बसले. गाडी रिकामी काऊन नेता, म्हणाले. दवाखान्यात कळलं की त्यातल्या एकाचे डोळे ठणठणीत आहेत. त्याला बाजारात जायचं होतं.

बोडीटोल्याहून कुमरेबाईंच्या तोंडी निरोप आला. मी तो वहीत लिहून ठेवला आहे. सोनाबाई म्हणाल्या होत्या, "पयले त्या गाडीवाल्याच्या डोळ्याचं करा म्हणा. माहं मंग पाहू."

तिसऱ्या दिवशी शकीलभाऊंनी गाडीच्या काचेवर आतून चिठ्ठी चिकटवली. पिंपळखेडा, मग नाला, मग बोडीटोला. बाणासकट.

*

दोनदा असं झाल्यावर सरांनी ठरवलं की शीटला कुणी हातच लावायचा नाही. त्यांनी पासवर्ड टाकून ती बंद केली. पण बंद केली ती मिटलेलीच.

फेब्रुवारीचा गुरुवार. हा चुकला की मोह. सकाळी आठला मी शीट उघडली, खुणेवर क्लिक केलं, आणि कॉम्प्युटर टुंग वाजला. मी दचकले. पडद्यावर आलं की शीटला संरक्षण आहे, ही आज्ञा चालणार नाही. परत क्लिक. परत टुंग. परत दचकले. आता कॉम्प्युटर आणि मी अशी जुगलबंदीच सुरू झाली.

सर गडचिरोलीला मीटिंगला गेलेले, फोन बंद. आम्ही पासवर्ड ओळखायला बसलो. सरांच्या मुलीचं नाव टाकलं. मोटारसायकलचा नंबर टाकला. शकीलभाऊ म्हणाले, "सर नेहमी 'बघू' म्हणतात, ते टाकून पाहा." तेही टाकलं.

मला रडू यायला लागलं होतं. वडेगावच्या त्या दोघांनंतर दवाखाना नावं लिहून दिलेल्यांनाच घेतो. यादी नाही तर गाडी नेऊन उपयोग नाही. मी मनाशी म्हटलं, रडायचं तर दुपारी रड.

"बाई, रजिस्टर आणलं का?"

कुमरेबाईंनी ते सरळ कीबोर्डवर ठेवलं आणि घड्या उघडायला लागल्या. एका घडीतून कागदाचा कपटा खाली पडला. शकीलभाऊंनी तो उचलून चहाच्या ओल्या कपाखाली सारला. बाई नावं वाचत गेल्या, मी हाताने लिहीत गेले. पहिल्या ओळीत सोनाबाई. मग मी कागद पर्समध्ये घातला आणि स्वतः गाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढच्या सीटवर बसले, आणि प्रत्येक वळणावर मी डॅशबोर्ड धरल्यामुळे शकीलभाऊंना दोनदा गाडी थांबवून हसावं लागलं.

नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा पलीकडून दोघं येत होते. पुढे एक उंच म्हातारे, खांद्यावर दुपट्टा, ताठ मान. त्यांचा हात धरून मागे सोनाबाई. दोघंही मांड्यांपर्यंत पाण्यात. रपटा त्यांच्यापासून वीस पावलांवर, कोरडा ठणठणीत.

"बाबा, रपटा सोडून पाण्यातून काऊन आले?" शकीलभाऊ ओरडले.

"जवळ पडते," बाबा म्हणाले.

ते टोल्यापलीकडे शेतावर राहणारे लक्ष्मणबाबा. सोनाबाईंना त्यांनी माझ्या हाती दिलं, गाडीच्या दाराला हात लावून राम राम केला, आणि परत पाण्यातच उतरले. जुनी माणसं काटक असतात, असं शकीलभाऊ म्हणाले. मलाही पटलं.

सोनाबाईंचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, मला विचारायचं होतं ना. पासवर्ड मी लिहून ठेवला होता. सगळ्यात सुरक्षित जागी, कुमरेबाईंच्या रजिस्टरच्या घडीत."

आम्ही तिघं चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

*

मार्चच्या शेवटी सोनाबाई फेरतपासणीला आल्या. काळा चष्मा कपाळावर, पदरात मोहफुलं. ती त्यांनी माझ्या टेबलावरच ओतली.

"पाह्य. पाला एक तरी दिसते का?"

एकही नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना माझ्याशेजारी खुर्ची दिली आणि शीट उघडली. कुलूप आता काढलेलं होतं. मी नेहमीसारखं दोनवर क्लिक केलं आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. "हे बघा, हे तुम्ही."

"मले का वाचता येते माय," सोनाबाई म्हणाल्या. पण त्या वाकून बघत राहिल्या. नवा डोळा मिळालेली माणसं काहीही निरखून बघतात, भिंतीवरची मुंगीसुद्धा. "अन् इथी कडेले हे बारकी फुली कायची होय?"

"कुठे? नाही हो, सगळं उघडलेलं आहे."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. मोहाचा चिकट ठसा उमटला. मी तो पुसला. ठसा गेला, खाली अधिकची खूण तशीच होती. बोडीटोल्याच्या लगेच खाली. इतके महिने मी ही शीट उघडत होते.

मी कोपऱ्यातल्या तीनकडे पाहिलं. मग क्लिक केलं.

तीन ओळी उघडल्या. 'बोडीटोला, शेतावरची घरं.' आधीच्या ताईंनी भरलेल्या. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. शकीलभाऊ न खोकता आत आले, आणि मी दचकलेसुद्धा नाही. मी नावं मोठ्याने वाचायला लागले. पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. मग तिसरं.

"लक्ष्मणबाबा. वय बहात्तर. मोतीबिंदू, दोन्ही डोळे."

सोनाबाईंनी काळा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, थोडा वेळ खांदे हलवत हसल्या, आणि म्हणाल्या,

"तरीच मी त्याले इचारून राह्यली होती, बाबा, रपटा इतका खोल कधी झाला."