वाळू वाचणारी जयवंता

पांढुर्ण्यात समुद्र पाहिलेली माणसं थोडी. विनोद मास्तरच्या बैठकीत मात्र काचेआड तीन फूट समुद्र होता. नागपूरहून आणलेलं समुद्री मीठ तो मोजून पाण्यात कालवी. आत एक खडक, दोन नारिंगी मासे, गोगलगायी आणि एक निळ्या पायांचा खेकडा.

दिवाळीनंतर गोगलगायी संपू लागल्या. सकाळी नुसते रिकामे शंख. मग एक मासाही गेला. त्या रात्री विनोदने दोनदा उठून दिवा लावला. दोन्ही वेळा रिकाम्या शंखावर खेकडाच बसलेला.

"हाच थो," सकाळी तो बायकोला, दामिनीला, म्हणाला. "आज याले बाहेरच काढतो."

बाहेर काढणं म्हणजे मारणंच. पांढुर्ण्यात दुसरा समुद्र नव्हता.

भांडी घासायला येणारी जयवंता हात पदराला पुसत काचेपाशी आली.

"खाताना पाह्यलं काय भाऊ तुमी त्याले?"

"शंखावर बसला होता ना मावशी! अजून काय पायजे?"

"उजेडात सापडला थोच चोर, असं नसते. ज्याले पयता येत नाही थो सापडते."

"घ्या! खेकड्यानं वकील लावला," विनोद हसला.

ती हसली नाही. तिचा नवरा गौतम तिगावकडच्या एका संत्र्याच्या बागेत राखण करायचा. एका रात्री खुडबूड ऐकून तो धावला. मालक आला तेव्हा ओरबाडलेल्या झाडाखाली टॉर्च घेऊन एकटा गौतम उभा होता. चोर कधीचे पसार झाले होते. गौतम मेला, पण त्याला लागलेलं चोराचं नाव पुसलं नाही. विनोदला हे ठाऊक होतं. आठवलं मात्र आत्ता.

"एक रात द्या मले," ती म्हणाली.

बागेत दोघं नवराबायको संध्याकाळी धुऱ्यावरची, बांधावरची माती हाताने सपाट करत आणि सकाळी तिच्यावरचे माग वाचत. रानडुक्कर कुठून शिरलं, साळिंदर कुठून गेलं. त्या संध्याकाळी जयवंताने लांब दांड्याचा डाव धुतला आणि पाणी न ढवळता टाकीतली वाळू अंगणासारखी सपाट केली.

सकाळी ती चहाच्या आधी हजर. काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"या भाऊ. हे टोचे खेकड्याच्या पायाचे. आन् हे पाहा."

खडकाच्या बुडातून बोटभर रुंद, नागमोडी रेघ निघाली होती. नव्या रिकाम्या शंखापर्यंत जाऊन ती परत फिरली होती. खेकड्याचे टोचे त्या रेघेच्या वर उमटले होते.

"खेकडा मागून आला. उष्टं खायले."

आत दडलेलं बाहेर यावं म्हणून विनोदने खडक उचलून जास्त मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला. घटकाभराने भोकातून केसाळ, हातभर लांब किडा सळसळत बाहेर आला. दुकानातून खडकासोबतच आला असणार. दामिनी किंचाळून मागे सरली. जयवंता वाकून पाहत राहिली.

"केवढा होता बाप्पा! आन् कोनाले दिसे नाही."

"मावशी," विनोदने हळूच विचारलं, "गौतमकाकांच्या वेळेस बागेतली माती पाह्यली होती काय कोनी?"

"म्या पाह्यली होती. चार जनाच्या चपला होत्या. मालकाले म्हटलं, पाहाले चाला. थो म्हने, बाईले काय समजते."

ती भांड्यांकडे वळली. विनोद बादलीशेजारी बसून राहिला. काचेआड खेकडा भर उजेडात त्याच शंखावर चढत होता.