कुंकवावरचा कप

खंडेनवमीला आम्ही कारखान्यातल्या लेथला, ड्रिलला आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरलाही कुंकू लावतो. पंपाच्या सुट्या भागांची सगळी ड्रॉइंग्ज त्याच्यातच आहेत. परवा क्लाउडचे प्लॅन विकायला आलेल्या साहेबांनी नेमका त्या कुंकवावर चहाचा कप टेकवला आणि माझं डोकंच फिरलं.

"हा डबा आता भंगारात काढा, ताई," म्हणत त्यांनी तीन प्लॅन पुढे केले. वेग किती, जागा किती, सगळं छापलेलं.

"उद्या तुमचं-आमचं पटलं नाही, तर ड्रॉइंग्ज परत कशी मिळणार?" मी विचारलं.

"तशी वेळच येत नाही, ताई," ते हसून म्हणाले.

त्या हसण्याने मी पेटले. लेथ बिघडलं की आमचे शंकरकाका ते उघडतात, आत हात घालतात, चार शिव्या देतात आणि ते चालू होतं. जे रुसलं तर आपल्याला मनवता येतं, त्यालाच आपण कुंकू लावतो ना? इथे आयुष्याची मेहनत परक्याच्या घरात ठेवायची, आणि किल्ली मागितली की त्याने हसायचं!

तरी तीन प्लॅनपैकी एक घ्यावाच लागणार. कॉम्प्युटर रोज बंद पडतो, आणि ड्रॉइंग्जची दुसरी प्रत आम्ही कधी काढलीच नाही. कुंकू मात्र एकाही वर्षी चुकलं नाही.

साहेब गेले. कुंकवावर चहाचं वर्तुळ उमटलं होतं. मी फडका घेऊन रागारागाने घासलं. डाग गेला. कुंकूही गेलं.