दुबईचा फोन मी उचलला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुमची माझी ओळख नाही — म्हणूनच कदाचित सांगवतंय.

वडवणीत आमचं घोंगड्यांचं दुकान आहे. सासरे विणायचे आणि गिऱ्हाइकांशी फोनवर मी बोलायची. परदेशातली माणसंसुद्धा माझा आवाज ओळखायची. बिल मात्र लई यायचं. ते आलं की सासरे माझ्याकडं बघायचे — नुसतं बघायचे.

मग धाकटी जाऊ आली, मंगल. दुकानाचा मोबाइल तिच्या हातात गेला आणि सगळे फोन इंटरनेटवरून सुरू झाले. बिल उरलंच नाही म्हणा ना. वर ती व्हिडिओवर घोंगडं उलगडून दाखवायची, वीण जवळ धरून. सासरे चारचौघांत म्हणाले, "धाकटीनं दुकान वाचवलं." — मग मी काय बुडवत होते? तिचं फोनवरचं हसू ऐकलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा ती माहेरच्यांबरोबर कपिलधारला दर्शनाला गेलती. मोबाइल दुकानातच होता, आणि मी एकटी. दुबईच्या एका हॉटेलवाल्याचा व्हिडिओ फोन आला. त्याला खोल्याखोल्यांसाठी घोंगडी हवी होती. मंगल किती दिवस त्याच्याशी बोलत होती, तिच्या शब्दावर सासऱ्यांनी लोकरही भरली होती. मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. आणि म्हणाले — दुकान बंद झालंय, पुन्हा फोन करू नका. मग त्याचा नंबर ब्लॉक केला, आलेला फोन आणि तो नंबरही पुसून टाकला. ते कसं करायचं, हे तिनंच मला शिकवलं होतं.

भीती वाटली का? नाही. बरं वाटलं. खरंच — लई बरं वाटलं.

नंबर सापडेना, तशी ती त्याच्या फोनची वाट बघत राहिली. माल विणून पडला. सासरे म्हणाले, "फुकटच्या फोनवर धंदा होत न्हाई." ती मान खाली घालून ऐकत होती. मीही तिथंच होते — बोलले का काही? दसरा झाला आणि लोकरीत अडकलेले पैसे भरून काढायला दिराबरोबर तीही ऊसतोडीला निघाली. ट्रॅक्टर दारात उभा असताना तिनं मोबाइल माझ्या हातात दिला.

"आक्का, आता तुमीच बोला. मला काय जमलं न्हाई."

मी घेतला. ट्रॅक्टर वळेपर्यंत ती हात हलवत होती. मीही हलवला.