सलीमभाईंच्या घरचं मशीन

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसांनी दर रविवारी एकाच दुकानात बसून एकच भांडण केलं, की ते आपोआप साचतात. आमचं भांडण होतं बोर्डाचं.

बोर्ड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं मॉड्यूल. कॅसेट प्लेअरमधून येणारा एवढासा आवाज मोठा करून तो स्पीकरला देतो. दारव्ह्याच्या बाजार रस्त्यावर सलीमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाईंनी निम्म्या तालुक्याला गाणी वाजवायची मशीन बनवून दिली, स्वतःच्या घरी मात्र खिशात मावणारा रेडिओ! मग यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांचे कान तपासले आणि सांगितलं, ऐकू येणं हळूहळू जाणार, उपाय नाही. भाई परत आले, शटर उघडलं आणि म्हणाले, "चला, आता घरचं मशीन बनवा लागते. कान हायेत तंवर."

प्रश्न एवढाच होता की त्यात बोर्ड कोणता बसवायचा. हायस्कुलात विज्ञान शिकवणारे वानखडे सर सुट्या ट्रान्झिस्टरच्या जुन्या बोर्डाच्या बाजूचे. "त्याच्यात जीव हाय!" बंडू जवळच्या खेड्यातला, घरचा कापूस पिकवणारा. तो आयसीच्या, म्हणजे एकाच चिपमध्ये सगळं असलेल्या नव्या बोर्डाचा. "साफ हाय, सस्ता हाय. जीव कायले पाह्यजे?" मी पोस्टातला कारकून. मला दोन्ही आवडायचे, म्हणून माझं मत कोणी विचारत नसे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बाजारात माणसं कमी बोलायची. आमच्या दुकानात मात्र दुपारभर चार जण डोळे मिटून बसलेले असायचे. रस्त्यावरून जाणारे हळूच विचारायचे, "काय झालं जी? कोणी गेलं का?"

*

आमचा नियम कडक होता. दोन्ही बोर्ड चादरीखाली, वर एक स्विच. चहा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मला मत नसल्यामुळे स्विच माझ्याकडे.

पहिल्या रविवारी मी अर्धा तास तो फिरवत होतो. खट् इकडे, खट् तिकडे. चहा संपल्यावर सर ओरडले, "हा! आता जीव आला!" मी खट् केलं. बंडू ओरडला, "आता पाहा, काच पुसल्यावानी साफ!" दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी भाईंनी चादर ओढली आणि तारा पाहून मटकन खाली बसले. स्विचच्या दोन्ही तारा मी सरांच्याच बोर्डाला जोडल्या होत्या.

मग सर घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे मी बरोबरच सांगून राह्यलो होतो!"

*

स्पीकरच्या डब्यात आवाज घुमू नये म्हणून आत काहीतरी मऊ भरतात. बंडू म्हणाला, "भाव तं भेटून नाही राह्यला, मंग डब्यातच भरा!" आणि पुढल्या रविवारी घरचा कापूस बोऱ्यात भरून घेऊन आला.

ती दुपार मला अजून आठवते. शटरमधून तिरपं ऊन आत आलेलं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, आणि गाणं इतकं मऊ वाजत होतं की सर शिंकलेसुद्धा तोंडावर रुमाल धरून. वाटलं, जगात दुसरं काही नसलं तरी चालेल.

तीन रविवार आवाज गोड होता. चौथ्या रविवारी डाव्या डब्यातून खरखर यायला लागली. सर म्हणाले, आयसीचाच दोष. बोर्ड बदलला, खरखर तशीच. मशीन बंद केलं, तरी खरखर चालूच!

मागची फळी उघडली. बंडूनं कापूस वेचला तसाच आणला होता, सरकीसकट. आत एक गुबगुबीत उंदीर बसून सरकी फोडत होता.

भाई म्हणाले, "त्यालेच विचारा कोणता बोर्ड चांगला. सगळ्यायपेक्षा जवळून तोच ऐकून राह्यला!"

*

दोन्ही बोर्डांत एक बारीक गुणगुण होती. काही केल्या जाईना. सरांनी पुस्तकं पाहिली आणि दुकानामागे अर्थिंगचा खड्डा खणला. कोळसा, मीठ, वर चार बादल्या पाणी. रविवारी मशीन लावलं, तर गुणगुण गायब! भाईंनी फुलवाल्याकडून हार आणून सरांच्या गळ्यात घातला.

बंडू जरा वेळानं म्हणाला, "सर, ते मागची जिनिंग फॅक्टरी सोमवारपासून बंद हाय ना. कापूसच नाही येऊन राह्यला. मोटरा बंद, मंग गुणगुण कुठून येईन?"

सरांनी हार काढून टेबलावर ठेवला. इतका स्वच्छ आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकावासा कोणालाच वाटेना. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

*

आमच्या कॅसेटवर एका गाण्यात मागे बारीक घुंगरू वाजायचे. एका रविवारी भाई म्हणाले, "घुंगरू कुठी गेले? बोर्ड खराब हाय." दुसरा बोर्ड लावला, तरी तेच. आम्हा तिघांना घुंगरू लख्ख ऐकू येत होते. बंडू बोलायला गेला, तर सरांनी टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

त्यानंतर भाई दुपारची नमाज पढून यायच्या आत सर ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे. आमच्या कानात सुया टोचायच्या. भाई मात्र डोळे मिटून हसायचे. "आले! आले घुंगरू!"

एकदा मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "बंडू, तुह्या डोळ्यात पाणी काहून बे?"

"कान दुखून राह्यले, भाई!"

*

शेवटी भाई म्हणाले, "माह्या घरी या. आज निकाल लावतो." थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. भाभी चहा देऊन दारात उभ्या राहिल्या. आधी सरांचा बोर्ड लावला. भाई डोळे मिटून, मांडीवर बोटानं ठेका धरून अख्खं गाणं ऐकत बसले.

मग बंडूचा लावला. तेच गाणं, पहिल्यापासून. अर्ध्यात आलं आणि लाइट गेली. कॅसेट थांबली. घरात कुठूनही आवाज नाही.

भाईंचं बोट मांडीवर चालूच होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सर सांगायला उठले, तसा भाभींनी दारातूनच हात वर केला. "राहू द्या सर. होऊ द्या त्यायचं गाणं."

आम्ही बसून राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. हळूहळू ठेका संथ झाला, थांबला. भाईंनी डोळे उघडले. चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

"बंडूचाच लावा," ते म्हणाले. "शेवटचा आलाप कसा आला, पाह्यलं?"

दोन वर्षं भांडून शेवटी बंडू जिंकला होता. तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला.

"हो भाई," तो म्हणाला. "लय साफ आला."