सुपारीचा घोडा

नातीच्या बुद्धिबळातला काळा घोडा हरवला म्हणून परवा मी त्याच्या जागी पानाच्या डब्यातली अख्खी सुपारी ठेवली. बोटांना तिचा तुरट वास लागला आणि मी एकसष्ट सालच्या बंगळुरात, मल्लेश्वरमात पोचलो.

तिथल्या आमच्या बुद्धिबळ क्लबातही काळा घोडा म्हणजे सुपारीच होती. समोर केशवअण्णा, बंगळुरात चार पिढ्या मुरलेले शिंपी, बोटांना कायम खडूची भुकटी. मी बेळगावहून नोकरीला नवीनच आलेलो. अण्णांना मी एकदाही हरवलं नव्हतं. त्या रविवारी माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. घर घोड्याचं होतं, म्हणून वडिलांनी शिकवल्याप्रमाणे मी मारलेल्या मोहऱ्यांतून सुपारी उचलली.

"सुपारीच पाहिजे?" अण्णा म्हणाले. "स्वल्प विचार करा की."

"घोडाच."

ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे, बरोबरीत सोडू या." मी ऐटीत मान डोलावली. पुढे बदली झाली, खेळही सुटला.

परवा नातीचं प्यादं तशाच घरात पोचलं आणि तिने वजीर उचलला.

"घोड्याच्या घरात घोडाच घ्यायचा," मी म्हणालो.

"तो जुना नियम, आजोबा. आता हवं ते घेता येतं."

म्हणजे क्लबातही तेव्हा हाच नवा नियम चालत असणार, म्हणूनच अण्णांनी विचारलं होतं. मी तो डाव मनात पुन्हा मांडून पाहिला. वजीर घेतला असता तर मी जिंकलो असतो. घोडा घेतल्यावर अण्णा सहज जिंकत होते.

एकसष्टच्या त्या रविवारी संध्याकाळी मी वडिलांना पत्र लिहिलं होतं, 'अण्णा मला घाबरले.'